दहापैकी साडेनऊ संताप

सोमवार, दिनांक ३ फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधोमध थांबली. आत माणसे दोन होती आणि सुताराकडे निघालेले कपाटाचे दार एक होते. दाराला आरसा होता. त्यामुळे पाचव्या मजल्यावरचे दंतवैद्य आणि चौथ्या मजल्यावरचे वकील यांना पुढची एकवीस मिनिटे आपापले घाबरलेले चेहरे दुप्पट संख्येने पाहावे लागले.

त्यांची सुटका दंतवैद्यांच्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकांनी केली. तोंडावर काका आणि पाठीमागे 'मायक्रोमीटर' अशी या गृहस्थांची दोन नावे होती आणि दुसरे नाव त्यांना ठाऊक होते. तंत्रनिकेतनातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन त्यांनी पंपांच्या कारखान्यात, तपासणी विभागात, अडतीस वर्षे काढली होती. चहात साखर घालताना ते आजही चमच्यावरचा ढीग बोटाने सपाट करीत.

मायक्रोमीटर गच्चीवरच्या यंत्रखोलीत चढले, मुख्य स्विच बंद केला, ब्रेक सैल करून हाताने चाक फिरवले आणि लिफ्ट अलगद तिसऱ्या मजल्याला आणून लावली. वकील बाहेर पडले ते थेट पायऱ्यांवर बसले. मग मायक्रोमीटरांनी शिक्षणाला जागून पुढचे काम केले. स्विचच्या दांड्याला त्यांनी स्वतःचे कुलूप घातले. कारखान्याने निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून दिलेले, सात नंबर कोरलेले, पितळी. कुलपाला पाटी अडकवली: 'धोका. दुरुस्ती चालू. ज्याने कुलूप लावले त्यानेच, आणि काम पूर्ण झाल्याचा लेखी दाखला हाती आल्यावरच, ते काढावे.' खाली सही, तारीख, वेळ.

या नियमाची कोणी थट्टा केलेली त्यांना खपत नसे. कारखान्यात एका फिटरचा हात यंत्रात असताना दुसऱ्याने बेधडक स्विच चालू केला होता. त्या फिटरची तीन बोटे रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेणारे मायक्रोमीटरच होते.

इथवर सर्व यथास्थित होते. दुर्दैव एवढेच, की याच सुमारास त्यांना राग आला.

रागाचे कारण लिफ्ट नव्हते, काकू होत्या. काकूंच्या गुडघ्यांना पायऱ्या वर्ज्य होत्या, आणि पाचव्या मजल्यापासून फाटकापर्यंत पायऱ्या होत्या एकशेदोन. फाटकाशी एक बाक होता. रस्त्यापलीकडच्या घरातून काकूंची थोरली बहीण रोज पाच वाजता काठी टेकत त्या बाकावर येई, लिफ्टने काकू उतरत, आणि दोघी दिवेलागणीपर्यंत बोलत. काय बोलत, हे अकरा वर्षांत कोणालाही कळलेले नव्हते. आता ही ताई २२ मार्चच्या सकाळी सात वाजता कायमची मुलाकडे राहायला जायची होती. सतरा तासांचा प्रवास. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. पुन्हा भेट होईल की नाही, हे दोघीही उच्चारत नव्हत्या. म्हणजे सत्तेचाळीस संध्याकाळी उरल्या होत्या आणि नेमकी पहिलीच बुडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मायक्रोमीटर लिफ्टच्या एजन्सीत दाखल झाले. लिफ्ट जपानी होती, तशी पट्टी आत ठोकलेली होती. देखभाल मात्र या एजन्सीकडे, आणि एजन्सीकडे बसायला एकच खुर्ची होती, तिचा एक पाय आखूड. त्या खुर्चीत दीड तास डुगडुगल्यावर त्यांचा नंबर लागला.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, मेकॅनिक गेलाय ना तुमच्याकडे."

"मी इथे बसलोय."

"हो, पण तो तिकडे गेलाय."

"दीड तास मी तुमच्यासमोर बसलोय, आणि मेकॅनिक माझ्याकडे गेलाय म्हणता? थापा मारायच्या तर मोजून मापून माराव्यात. आणि आजोबा कोणाला म्हणता?"

"मग काय म्हणू?"

या प्रश्नाने संताप अधिक वाढला. तळपायाची आग मस्तकाला जाते असे म्हणतात. मायक्रोमीटरांच्या बाबतीत ते अंतर पाच फूट सहा इंच होते आणि आगीने ते काउंटर ते दरवाजा एवढ्या वेळात कापले. दारातून वळून त्यांनी जाहीर केले, "यापुढे तुमच्याशी शब्दानेही बोलणार नाही. तुमचा कागदही घेणार नाही. थेट जपानशी पत्रव्यवहार!"

घरी परतताना वॉचमन स्टुलावरून उठला. "साहेब, तो मेकॅनिक मगाशी—"

"त्याचं नाव काढू नकोस! काही सांगायचं असेल तर लेखी दे."

वॉचमनला सहीपलीकडे काही लिहायला सांगणे म्हणजे माशाला जिना चढायला सांगणे. तो पुन्हा स्टुलावर बसला.

"अहो, एक फोन करून तर बघा," काकू म्हणाल्या.

"बोलण्याला पुरावा नसतो."

"मला पुरावा नकोय, लिफ्ट हवीय."

मायक्रोमीटरांनी मात्र पत्राचा मसुदा हाती घेतला होता. पहिलेच वाक्य होते: 'आपल्या एजन्सीच्या वर्तनाने आम्हांस तीव्र संताप आला आहे.' हे वाक्य जपानीत गेले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. इंग्रजीतली तक्रार कोणीही करतो. तिला उत्तरही कोणीही देतो. माणसाला त्याच्या भाषेत झापले, की तो खुर्चीत सरळ बसतो.

सायकलच्या दुकानावरच्या माडीत एक निवृत्त बाई जपानी शिकवीत. लहानखुऱ्या, पांढरा अंबाडा, आवाज ग्रंथालयात बोलावे तसा. मायक्रोमीटरांनी त्यांच्यापुढे मसुदा ठेवला. "'तीव्र' या शब्दाला जपानी प्रतिशब्द द्या. चांगला कडक."

"तीव्र काय आहे त्यावर ठरतं," बाई म्हणाल्या. "पाऊस, भांडण, वेदना असेल तर हागेशी. वास डोक्यात जातो, ठोसा बसतो, तिथे क्योरेत्सु. वादळाला, जनावराच्या झेपेला मोरेत्सु. दोन दुकानांची जीवघेणी स्पर्धा असेल तर शिरेत्सु. टीका जिव्हारी लागली तर त्सूरेत्सु. आणि बघूनच छाती दडपावी असं काही असेल तर सुसामाजी."

"यांतलं सगळ्यात वरचं कोणतं?"

"वरचं-खालचं नसतं हो. कुठे लागतं ते असतं."

हे मायक्रोमीटरांना पटणे शक्य नव्हते. जी गोष्ट मोजता येत नाही ती अस्तित्वात आहे, हे मानायला ते तयार नसत. मात्र एका गोष्टीने ते सुखावले. चार शब्दांच्या शेवटी तेच 'रेत्सु' होते. बाईंनी ते अक्षर फळ्यावर काढून दाखवले, त्याच्या पायाशी चार ठिपके, आणि ठिपके म्हणजे जाळ. एकच सुटा भाग चार यंत्रांत बसतो, हे पाहून त्यांना भाषेविषयी प्रथमच आदर वाटला.

"आणि औपचारिक पत्रात," बाई हळूच म्हणाल्या, "यातलं एकही लिहीत नाहीत. तिथे 'इकान' म्हणतात. म्हणजे, खेद वाटतो."

"खेद?" मायक्रोमीटर उभे राहिले. "छत्री हरवली तर खेद वाटतो बाई! मला खेद वाटत नाहीये. माझं पित्त खवळलंय!"

"पण काका, त्यांच्याकडे पत्रात सगळ्यात जड तोच शब्द."

"नोंद घेतली," असे म्हणून त्यांनी वहीत 'इकान' पुढे दहापैकी दोन गुण लिहिले.

हा दहाचा हिशेब दंतवैद्यांची देणगी होती. "मी पेशंटला विचारतो, दुखणं एक ते दहात किती?" ते जिना चढता चढता धापा टाकीत म्हणाले होते. "तुम्ही शब्दांना विचारा." मायक्रोमीटरांनी पूर्ण आकाराच्या कागदावर तक्ता आखला. शून्य म्हणजे पेन सापडत नाही. दहा म्हणजे बॉयलर फुटला. मधल्या खुणा घरातल्याच प्रसंगांनी पक्क्या केल्या: दाराची घंटा वाजवून पळणे, तीन, उसनी नेलेली पकड गंजवून परत देणे, साडेसहा. मग एकेक जपानी शब्द प्रत्येक खुणेशी लावून पाहायचा आणि जिथे घट्ट बसेल तिथे आकडा टाकायचा. हे करण्यात फेब्रुवारी संपत आला. दारावर सुरुवातीलाच पाटी लागली होती: 'मोजणी चालू आहे. व्यत्यय आणू नये.'

रोज सकाळी मात्र नऊ वाजून बारा मिनिटांनी ते पाचव्या मजल्यावर लिफ्टचे बटण दाबीत आणि नोंदवहीत लिहीत: 'दिवा लागत नाही.' अशा एकामागून एक नोंदी साठत गेल्या, आणि प्रत्येक नोंदीसरशी राग पाव गुणाने चढत गेला.

इकडे रोज पाच वाजता गॅलरीतून संभाषण चाले.

"खाली ये गं!" बाकावरून ताई ओरडे. तिला कमी ऐकू येई.

"कशी येऊ? लिफ्ट!"

"काय?"

"लि-फ्ट!"

"नवरा काय करतोय तुझा?"

"जपानी शिकतोय!"

"या वयात?"

रस्त्यावरची माणसे वर पाहत. काकू आत येत आणि गॅलरीचे दार असे लावीत, की नोंदवही टेबलावरून उडी मारी. अकरा वर्षे ज्या गोष्टी दोघींत राहिल्या होत्या, त्या पाच मजले ओरडून सांगण्याजोग्या नव्हत्या. म्हणून दोघी हवेविषयी ओरडत.

"मला खुर्चीत बसवून उतरवा," काकू एकदा म्हणाल्या. "चार माणसं लागतील फार तर."

मायक्रोमीटरांनी जिन्याचे वळण मोजले, खुर्ची मोजली. काकूंचे वजन विचारताच प्रकरण तिथेच बंद झाले.

२६ फेब्रुवारीला पोस्टमन नोंदणीकृत पाकीट घेऊन आला. पाठवणार : लिफ्टची एजन्सी. मायक्रोमीटरांनी दिला शब्द पाळला. लाल शाईने पाकिटावर लिहिले, 'मूळ कंपनीशी थेट पत्रव्यवहार चालू. न उघडता परत.' खाली सही, तारीख, वेळ.

"उघडून तरी बघायचं," पोस्टमन म्हणाला. "जड नाहीये. एकच कागद असेल."

"तत्त्वाचं वजन होत नसतं."

पोस्टमन एकशेदोन पायऱ्या उतरताना काय पुटपुटला, ते कळले नाही.

मग सोसायटीची समिती आडवी आली. पत्र लिफ्टविषयी, लिफ्ट सर्वांची, तेव्हा ठराव हवा. सेक्रेटरींनी जपानी मसुदा उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "मला न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर मी सही कशी करू?"

"मराठी प्रत सोबत आहे."

"पण मंजूर कुठली करायची? मराठी की ही?"

वकिलांनी सल्ला दिला, "'संताप' काढा. अब्रुनुकसानीला वाव राहतो. 'आमचे सर्व हक्क राखून' असं घाला."

"हक्क राखून संताप येत नसतो!"

"मग संताप राखून हक्क सांगा," वकील म्हणाले, आणि समितीला हे इतके आवडले, की ते इतिवृत्तात गेले. एजन्सीकडून सोसायटीला आलेले एक पत्रही त्या सभेत सेक्रेटरींच्या फायलीत होते. पण एका विषयावर दोन फायली नकोत, आणि काकांची फाईल आधीची, म्हणून ते न वाचता मागे लावण्यात आले.

तीन सभांनंतर, म्हणजे ११ मार्चला, ठराव झाला. निर्णायक शब्द त्याआधीच ठरला होता. हागेशीला सात, क्योरेत्सुला पावणेआठ, त्सूरेत्सुला सव्वाआठ, आणि मोरेत्सुला साडेनऊ. झेप घेणारे जनावर त्यांना पसंत पडले होते.

"काका, तुम्ही कोणावर झेप घेणार आहात?" बाईंनी विचारले.

"जो कोणी पत्र उघडेल त्याच्यावर."

"तो बिचारा टपाल उघडणारा असेल हो."

बाईंनी शेवटी पत्र सभ्य जपानीत लिहिले, 'इकान' घालूनच. मायक्रोमीटरांनी ते घरी नेले, आणि विषयाच्या ओळीत 'मोरेत्सु' ही दोन अक्षरे पट्टी लावून, चारही ठिपके समान अंतरावर, स्वतःच्या हाताने बसवली.

कुरिअरच्या अर्जात रकाना होता: 'पाकिटात ज्वालाग्राही पदार्थ आहे काय?' मायक्रोमीटरांनी पेन खाली ठेवले. त्या चार ठिपक्यांचा अर्थ त्यांना ठाऊक होता आणि खोटे लिहिण्याची सवय नव्हती.

"काका, आहे की नाही?" काउंटरवाला खेकसला. "मागे रांग आहे."

"तुमच्या अर्थाने नाही," असे त्यांनी लिहिले. त्या उत्तराला रकान्यात जागा नसल्याने अर्ज पुन्हा भरावा लागला. १२ मार्चला पाकीट निघाले. ताईच्या जाण्याला दहा दिवस होते.

उत्तर आले शुक्रवारी, २१ मार्चला, दुपारी साडेतीन वाजता, सेक्रेटरींच्या संगणकावर. चार पाने. सेक्रेटरी ती छापून पाच मजले चढून आले. दंतवैद्य आले. बाईंना रिक्षाने आणले, आणि ती माउलीही एकशेदोन पायऱ्या चढली. काकू गॅलरीच्या दाराशी उभ्या होत्या. खाली बाक रिकामा होता. पाच वाजायचे होते.

"वाचा," मायक्रोमीटर म्हणाले. "सावकाश. मी टिपून घेतो."

बाईंनी चष्मा पुसला. "'आपल्या पत्राच्या विषयातला मोरेत्सु हा शब्द आमच्या विभागातील सात जणांनी आळीपाळीने वाचला. आम्ही मान खाली घालतो. एजन्सीकडून तत्काळ सर्व कागद मागवले, ते असे.'"

"बघा!" मायक्रोमीटर सर्वांकडे पाहून म्हणाले. "साडेनऊ!"

"'४ फेब्रुवारी, सकाळी अकरा वीस. मेकॅनिक हजर. दाराचा विद्युत-संपर्क बदलला. काम पंचवीस मिनिटांत पूर्ण. मुख्य स्विचला ग्राहकाचे पितळी कुलूप, क्रमांक सात. पाटीनुसार हात लावला नाही. कुलूपधारक बाहेर गेल्याचे वॉचमनने सांगितले.'"

खोलीत पेन्सिलीचा आवाज थांबला.

"'१३ फेब्रुवारी. मेकॅनिक पुन्हा हजर. कुलूप तसेच. कुलूपधारकाच्या दारावर व्यत्यय आणू नये अशी पाटी. २४ फेब्रुवारी. काम पूर्ण झाल्याचा लेखी दाखला नोंदणीकृत टपालाने पाठवला. न उघडता परत. त्याची एक प्रत सोसायटीला. उत्तर नाही.'"

सेक्रेटरी भिंतीकडे पाहू लागले.

"'सुरक्षेचा नियम इतक्या काटेकोरपणे पाळणारा ग्राहक आम्हाला आजवर मिळाला नव्हता. तथापि, लिफ्ट ४ फेब्रुवारीपासून सुस्थितीत असूनही ती बंद राहिली, याबद्दल आम्हाला...'" बाई थांबल्या.

"याबद्दल काय?"

"'याबद्दल आम्हाला इकान वाटते,'" बाई अगदी हळू म्हणाल्या.

दोन गुण दिलेला तो शब्द मायक्रोमीटरांच्या कानात शिरला आणि थेट तळपायापर्यंत उतरला. पाच फूट सहा इंच, उलट दिशेने. त्यांचा हात आपोआप कमरेच्या जुडग्याकडे गेला. घराची किल्ली, कपाटाची किल्ली, टपालपेटीची किल्ली, आणि सात नंबर.

"म्हणजे काखेत कळसा—" दंतवैद्यांनी सुरुवात केली. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. दंतवैद्यांनी म्हण तिथेच गिळली.

मायक्रोमीटरांनी आयुष्यात प्रथमच टिपण अर्धे ठेवले. ते गच्चीकडे धावले. बाहत्तर वर्षांच्या माणसाने धावू नये अशी पाटी त्या जिन्यात नव्हती. कुलपावरची पाटी त्यांनी वाचली. अक्षर त्यांचेच होते, सुवाच्य. लेखी दाखला हाती आला होता, जपानीत. त्यांनी कुलूप काढले, दांडा वर केला, आणि सत्तेचाळीस दिवस मुकी असलेली मोटर घसा खाकरून सुरू झाली.

ते खाली आले तेव्हा काकू चपला घालून लिफ्टच्या दाराशी उभ्या होत्या. बटणाचा दिवा लागला होता.

"मी..." मायक्रोमीटर म्हणाले, "म्हणजे नियम असा आहे, की ज्याने कुलूप..."

काकूंनी हात वर केला. आवाज चढवला नाही. गेला दीड महिना त्या रोज ओरडत होत्या, आता ओरडायची गरज संपली होती.

"तुमच्या तक्त्यात आकडे दहापर्यंतच आहेत ना?"

"हो."

"मग मी आत्ता काहीच बोलत नाही."

दार बंद झाले. लिफ्ट विनातक्रार खाली गेली.

बाकी मंडळी हळूहळू पांगली. जाताना बाईंनी मायक्रोमीटरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या उतरल्या, जिन्यानेच. खाली फाटकाशी स्टुलावर वॉचमन बसला होता. मायक्रोमीटर वाकून गॅलरीतून त्याला म्हणाले, "तू त्या दिवशी काय सांगत होतास?"

"काही नाही साहेब," वॉचमन वर पाहून म्हणाला. "लेखी द्यायचं राहिलं."

पाच वाजता काठी टेकत ताई आली. काकू आधीच बाकावर बसलेल्या पाहून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आणि एका सायकलवाल्याला तिला वळसा घालून जावे लागले. मग दोघी बसल्या. पाचव्या मजल्यावरून शब्द ऐकू येत नव्हते. एकदा ताईने काकूंच्या गुडघ्यावर थाप मारली. एकदा दोघींनी मिळून वर पाहिले. मायक्रोमीटर गॅलरीतून मागे सरकले. दिवेलागण झाली, रस्त्यावरचे दिवे लागले, तरी दोघी उठल्या नाहीत.

मायक्रोमीटरांनी नोंदवही उघडली. 'दिवा लागत नाही' या शेहेचाळिसाव्या, त्याच सकाळच्या ओळीखाली त्यांनी पट्टीने रेघ मारली. कारणाच्या रकान्यात मोरेत्सु लिहावे की इकान, हे ठरेना, तेव्हा त्यांनी तिथे स्वतःची सही केली. मग बेरीज लिहिली, सुवाच्य अक्षरात:

बाकावरच्या संध्याकाळी, एकूण ४७. बिघाडामुळे बुडाली १. कुलपामुळे बुडाल्या ४५. मिळाली १.